आटपाट नगराची वेस

मराठी कहाणीचा आरंभ आटपाट नगराने होतो. श्रावणातल्या वारांच्या, सणांच्या आणि व्रतांच्या कितीतरी कहाण्या याच नगरात घडतात. तेथे राजा असतो, राण्या असतात, ब्राह्मण, वाणी, दासी असतात. कोठारे भरलेली असतात आणि पंक्तींवर पंक्ती उठत असतात. मराठी घरात वाढलेल्या अनेक पिढ्यांच्या मनात उभे राहिलेले पहिले संपन्न नगर बहुधा हेच. असे असूनही मराठी समीक्षेने या नगराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी कहाण्यांचे वर्गीकरण केले, त्यांतील कल्पनाबंध वेगळे काढले, व्रतांचा धर्माचाराशी असलेला संबंध तपासला. नगर मात्र आरंभीचे एक ठरीव वळण म्हणून बाजूला राहिले. कथा-कादंबरीच्या चर्चेत तर या शब्दाला निंदेची छटाच चिकटली. एखाद्या लेखकाने वास्तवाकडे पाठ फिरविली असे म्हणावयाचे झाले की त्याचे लेखन आटपाट नगरातले ठरते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. कहाण्यांचे बारकाईने वाचन केल्यास असे दिसते की, समृद्ध नगराकडे त्याच्या वेशीबाहेर उभे राहून पाहिले असता जे दिसेल, ते आटपाट नगरात चित्रित झाले आहे; वास्तवातून पळून जाण्याची ती जागा नाही.

या समजाचे मूळ कादंबरीच्या इतिहासात आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. या वळणाच्या कादंबऱ्यांतील राजपुत्र, उपवने आणि ऐश्वर्यसंपन्न नगरे वाचकांना आवडली. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने मध्यमवर्गीय घराचे दार उघडल्यावर तीच समीक्षकांना खोटी वाटू लागली. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांची जी मांडणी केली, तिच्यामुळे या वादाला शास्त्रीय बैठक मिळाली. तो वाद मुद्रित कादंबरीपुरता होता आणि तेवढ्यापुरता तो योग्यही होता. पण त्यानंतर 'अद्भुत' या एकाच खणात कहाणीही टाकली गेली. वस्तुतः 'मुक्तामाले'चे नगर आणि कहाणीचे नगर यांची कुळे वेगळी आहेत.

संस्कृत साहित्यशास्त्रात नगराच्या वर्णनाला मानाचे स्थान आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणे सांगताना समुद्र, पर्वत, ऋतू यांच्या बरोबरीने नगराचे वर्णन अपेक्षिले आहे. मराठीत रुक्मिणीस्वयंवराच्या आख्यानपरंपरेने हा वारसा सांभाळला. महानुभाव कवी नरेंद्रापासून १५७१ साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'पर्यंत कृष्णाच्या द्वारकेचे वैभव हा कवींचा आवडीचा विषय आहे. युरोपातही कल्पित नगरांची अशीच परंपरा दिसते. इटालियन तत्त्वज्ञ तोम्मासो कांपानेल्ला याने १६०२ साली तुरुंगात असताना 'सूर्यनगरी' लिहिली. त्या नगरीला एकात एक असे सात तट आहेत आणि तटांच्या भिंतींवर सर्व विद्या चित्रित केलेल्या आहेत. ही हकीकत सांगणारा खलाशी ती नगरी आतून पाहून आलेला आहे. या सर्व वर्णनांत एक गोष्ट समान आहे. वर्णन करणाऱ्याला नगरात प्रवेश मिळालेला आहे. तो प्राकार मोजू शकतो, प्रासादांचे मजले सांगू शकतो.

कहाणी यांपैकी काहीच करीत नाही. आटपाट नगराचा तट किती उंच, दरवाजे किती, रस्ते कोणत्या दिशेला, याची नोंद तिच्यात नाही. नगर एका वाक्यात उच्चारले जाते आणि पुढच्याच वाक्यात तेथील एखादे माणूस समोर येते. ते माणूस बहुधा उणे असते: नावडती सून, दरिद्री बहीण, म्हातारी, मूल नसलेली राणी. नगराची श्रीमंती सांगण्याची कहाणीची रीतच अशी आहे की, ती श्रीमंती ज्याच्या वाट्याला आली नाही त्याच्यापासून तिने सुरुवात करावी. याची साक्ष म्हणून सर्वपरिचित अशा तीन कहाण्या पाहता येतील.

पहिली कहाणी खुलभर दुधाची. महादेवाच्या देवळाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. गावातले सगळे दूध देवळात आणण्याची आज्ञा सुटते. लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत. घागरीमागून घागरी ओतल्या जातात आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरातली कामे उरकते, मुलाबाळांना खाऊपिऊ घालते, सुनांना न्हाऊमाखू घालते, गायीवासरांचा आत्मा थंड करते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन दुपारी देवळात जाते. गाभारा भरतो. या कहाणीचा भर चमत्कारावर आहे असे मानण्याचा प्रघात आहे. पण कथनाची लांबी कोठे खर्च झाली आहे, हे पाहिले पाहिजे. भुकेली वासरे आणि रडणारी पोरे यांची नोंद कहाणीने राजाच्या संकल्पाइतक्याच गंभीरपणे घेतली आहे. राजाचा हेतू वाईट नाही. तो भक्तीच करू पाहत आहे. तरीही ज्या वैभवासाठी घरोघरची वाटी रिकामी करावी लागते ते वैभव देवाला पावत नाही, असा या कहाणीचा निवाडा आहे. राज्यसंस्था, कर आणि सार्वजनिक कार्य यांविषयी इतके स्पष्ट विधान एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या मराठी गद्यात सहजी सापडत नाही.

दुसरी कहाणी शिवामुठीची. राजाच्या चार सुनांपैकी तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र, राहायला गुरांचे बेडे आणि करायला गुराख्याचे काम. तिला देवदर्शन होते ते रानात, नागकन्या आणि देवकन्या यांच्या संगतीने. पुढे घरची माणसे तिचा देव पाहायला निघतात. वाट काट्याकुट्यांची आहे, सापवाघांची आहे. तेथे पोहोचल्यावर देऊळ सोन्याचे होते, रत्नजडित खांब दिसतात. सासरा पागोटे खुंटीवर ठेवून तळे पाहायला जातो आणि परत येतो तो लहानसे देऊळ, आतली पूजा आणि खुंटीवरचे पागोटे एवढेच उरलेले असते. सोन्याचे मंदिर नगरात उभे राहत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ते रानात उभे राहते आणि ज्या सुनेला राजवाड्यात जागा नाही तिच्यामुळे उभे राहते. ऐश्वर्य आटपाट नगरात आहे, अद्भुत मात्र वेशीबाहेर आहे. ही वाटणी सहेतुक आहे.

तिसरी कहाणी शुक्रवारची. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो आणि दरिद्री बहिणीला बोलावणे करीत नाही. ती मुलांना घेऊन आपण होऊन जाते. तिसऱ्या दिवशी भाऊ तिला हात धरून बाहेर काढतो. पुढे देवीच्या कृपेने तिला संपत्ती येते आणि भाऊ तिला आग्रहाने जेवायला बोलावतो. तेव्हा ती अंगावरचे दागिने पाटावर मांडून त्यांच्यापुढे एकेक घास ठेवते, कारण आमंत्रण तिला नसून दागिन्यांना आहे. पंगतीची कड हीच येथे नगराची वेस झाली आहे. आतबाहेर ठरविणारी रेघ दगडाचीच असावी लागते असे नाही, ही गोष्ट कहाणी सांगणाऱ्या स्त्रीला पुरती ठाऊक आहे.

तट, कोट, वेस आणि गावकूस या शब्दांना मराठीत केवळ वास्तुशास्त्रीय अर्थ नाही. गावकुसाबाहेर या एका शब्दात सामाजिक इतिहासाचा मोठा भाग सामावला आहे, आणि दलित साहित्याने १९६०नंतर तो शब्द मराठी वाचकाच्या कायमचा कानांत ठेवला. त्याच्याही फार मागे, परंपरा सांगते की संत चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता, तट कोसळून १३३८ साली गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हते ती भिंत उभारताना ते तिच्याखाली सापडले. पंढरपुरात त्यांची समाधी आहे तीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. नगराचा तट उभारणारे हात आणि नगरात राहणारी माणसे ही वेगळी असतात, हे जाणण्यासाठी मराठी मनाला कल्पिताची गरज कधीच नव्हती.

आटपाट नगर कोणत्या एका खऱ्या शहरावरून घेतले, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. परंतु अशा नगराकडे बाहेरून पाहण्याचा अनुभव कोठे मिळत असे, हा प्रश्न सार्थ आहे. पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग त्याचे एक उदाहरण म्हणून घेता येईल. जुन्नर हे सातवाहनकाळापासूनचे व्यापारी नगर. कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल तेथे उतरे. भोवतीच्या डोंगरांतील लेण्यांच्या शिलालेखांत धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची व पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. यवन दात्यांची नावे आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी काही काळ येथे ठेवली. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली या शहराच्या माथ्यावरील शिवनेरीत झाला. आणि १६५७ साली त्यांनीच दोरांच्या शिड्या लावून रात्री जुन्नरचा तट ओलांडला. त्या छाप्यात तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागल्याची नोंद जदुनाथ सरकारांनी केली आहे. तटाच्या आत किती संपत्ती साठत असे याचे मोजमाप, विशेष म्हणजे, तट चढून आलेल्यांच्या हिशेबातून मिळते.

जुन्नरच्या दक्षिणेला आंबेगाव तालुका लागतो, आणि महाळुंगे पडवळ हे त्यातले एक गाव. अशा गावाचा मोठ्या नगराशी येणारा संबंध बाजाराचा, देण्याघेण्याचा आणि कामाचा. धान्य आत जाते, दूध आत जाते, माणूसही आत जातो. सायंकाळी किंवा वर्षाखेरीस त्यातले काय परत येते, यावर गावाचे नगराविषयीचे मत ठरते. खुलभर दुधाची कहाणी अशा गावात ऐकताना राजाज्ञेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

विसाव्या शतकात या गावांचे आटपाट नगर मुंबई झाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील माणसे गिरण्यांत, गोदीत, बाजारात आणि पुढे डबे पोहोचविण्याच्या धंद्यात मुंबईला गेली. मुंबईही एके काळी तटबंद नगरच होते. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. भिंती गेल्या तरी 'कोट' हे नाव राहिले, आणि चर्चगेट या स्थानकाच्या नावात एक दरवाजाही राहिला. उत्तरेकडे गिरणी कामगारांची वस्ती वाढली तिला मराठी माणसाने 'गिरणगाव' म्हटले, गिरणनगर म्हटले नाही. नगराच्या पोटात राहूनही आपण नगराचे नाही, याची जाण त्या नावात आहे.

महाळुंगे पडवळ येथे १९०८ साली गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेले बाबू गेनू सैद हे याच वाटेने मुंबईला गेले आणि कापड गिरणीत कामाला लागले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड वाहून नेणारी मालमोटार अडविण्यासाठी ते तिच्यापुढे गेले आणि तिच्याखाली चिरडले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. गरीब घरातला मुलगा संपन्न नगरात जातो, हा कहाणीचा नेहमीचा आरंभ. कहाणीत पुढे त्याला देव भेटतो, राजा मान देतो आणि शेवट सुफळ संपूर्ण होतो. येथे नगराने रस्त्याला नाव दिले, पण ते नंतर. कहाणीने ज्या नगराची ओळख करून दिली त्याच नगरात हा मुलगा पोहोचला होता. फक्त शेवट लिहिणारा देव तेथे नव्हता.

या विवेचनावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो वजनदार आहे. कहाणी तट पाडीत नाही. नावडती शेवटी आवडती होते, दरिद्री बहीण श्रीमंत होते. राजा राजाच राहतो. मग कहाणीला नगराची टीका म्हणणे हे आधुनिक वाचकाने तिच्यावर लादलेले ओझे नव्हे काय? शिवाय दुःखाचा परिहार व्रताने होतो, म्हणजे अन्याय सोसणारीनेच अधिक नियम पाळावयाचे, हा उपदेशही तिच्यात आहे. हे सर्व मान्य केले पाहिजे. संत रविदासांच्या 'बेगमपुरा'शी तुलना केली तर कहाणीची मर्यादा स्पष्ट होते. चांभार जातीत जन्मलेल्या या संताने कल्पिलेल्या नगरात दुःख नाही, कर नाही, भय नाही आणि कोणाच्याही फिरण्यावर बंधन नाही. गेल ऑम्व्हेट यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात जातिविरोधी विचारवंतांच्या स्वप्नांचा शोध घेताना हेच नाव शीर्षकात घेतले. तेथे वेसच उरत नाही. कहाणी एवढे मागत नाही; तिला वेस उघडी हवी आहे.

तथापि मागणी लहान आहे म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही. राजाचे देऊळ आणि म्हातारीचे घर यांपैकी कोठे न्याय आहे, हे कहाणीने सांगून टाकलेले असते. नंतर ती राजाला क्षमा करते एवढेच. ज्या घरात बाईला बोलण्याची मुभा देवाधर्माच्या निमित्तानेच मिळे, तेथे व्रत हे या बोलण्याचे आवरण होते. आवरणालाच आशय समजणे ही समीक्षेची चूक आहे. मुद्रित पुस्तकांनी ती पक्की केली. छापील कहाणीसंग्रहांनी एक पाठ प्रमाण केला, आणि ती कोणी, कोठे, कोणाला सांगितली हा भाग गळून पडला. वेशीच्या कोणत्या बाजूने सांगितली, हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद झाला.

हा मार्ग पुन्हा उघडणे शक्य आहे. दुर्गा भागवत यांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' १९५६ साली मांडली, सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्याचे अनेक खंड निघाले, आणि हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह जमविल्या. कहाणीच्या वाट्याला अशी नोंद यावयास हवी. विद्यापीठीय मराठी विभागांनी कहाणीला बालवाङ्मय किंवा व्रतवाङ्मय या कप्प्यांतून बाहेर काढावे. पुढचे संकलन करताना सांगणारीचे गाव, तिचे घर गावात कोठे, तिच्या कहाणीतली म्हातारी कोठे राहते, नगराला नदी कोणती, दूध कोठून येते, हे प्रश्न विचारावेत. तोंडी परंपरेतून कहाणी ऐकलेल्या स्त्रिया आता वृद्ध आहेत. हे काम पुढे ढकलता येणारे नाही.

हे काम आंबेगावसारख्या तालुक्यात करण्याला एक विशेष अर्थ आहे. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. वरच्या खोऱ्यातील आदिवासींची जमीन पाण्यात गेली. खालच्या अंगाला कालव्याने ऊस, भाजीपाला आणि दूधधंदा फुलला. जलाशयाला बाबू गेनूंचे नाव देण्यात आले आहे. पाणी एकाचे आणि समृद्धी दुसऱ्याची, हा खुलभर दुधाचाच प्रश्न आहे. त्या खोऱ्यातील एखाद्या आजीने आज आटपाट नगराची कहाणी सांगितली, तर तिच्या नगराचा गाभारा कशाने भरत नाही, हे ऐकून घेण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवर आहे.